एक हरीण वाचवलं, दुसरं मोकाट सुटलं! बेडफर्डच्या ड्यूकची गोष्ट

एका हरणाला त्यांनी पृथ्वीवरून नाहीसं होऊ दिलं नाही. पण त्यांनीच आणलेलं दुसरं हरीण आज ब्रिटनच्या मूळच्या हरणांच्या तोंडचा चारा पळवतंय. हे होते हर्ब्रँड रसेल, बेडफर्डचे अकरावे ड्यूक.

१८५८ साली इंग्लंडमधल्या गडगंज उमराव घराण्यात त्यांचा जन्म झाला. सैन्यात गेले, इजिप्तमध्ये लढले, मग भारतात व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन यांचे एडीसी झाले. लग्नही इथेच केलं, १८८८ मध्ये. १८९३ मध्ये थोरला भाऊ वारला आणि वोबर्न ॲबीची अवाढव्य इस्टेट त्यांच्याकडे आली.

ड्यूकना वेड प्राण्यांचं. १८९९ पासून १९३६ पर्यंत ते लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीचे अध्यक्ष होते.

त्या काळात चीनमधलं मिलू हरीण फक्त बीजिंगजवळच्या शाही शिकारखान्यात उरलं होतं. १८९५ चा पूर आणि १९०० चं बॉक्सर बंड यात तेही संपलं. पण ड्यूकनी युरोपातल्या प्राणीसंग्रहालयांतून १८ मिलू वोबर्नला गोळा केली होती. आज जगात असलेलं प्रत्येक मिलू त्याच कळपाच्या वंशातलं आहे.

त्याच सुमारास वोबर्नला चीनमधून आणखी एक पाहुणा आला, रीव्हज मुंटजॅक. आपल्या सह्याद्रीतल्या भेकराचा हा छोटा चुलतभाऊ. यातली काही आवारातून निसटली, काही बाहेर सोडली गेली. पुढे लोकांनीही ती उचलून ठिकठिकाणी नेली.

मग अडचण कुठे झाली?

ब्रिटनच्या मूळच्या रो हरणाला झुडपांचा कोवळा पाला आणि काटेरी ब्रॅम्बल लागतं, विशेषतः हिवाळ्यात. मुंटजॅकलाही तेच हवं असतं. त्यात रो वर्षातून एकदाच वितं, तर मुंटजॅकला ठरावीक हंगामच नाही. मादी व्यायल्यावर काही दिवसांतच पुन्हा गाभण राहू शकते. पूर्व इंग्लंडमधल्या पाइनच्या जंगलांत दोघांचा आहार बराचसा सारखा असल्याचं अभ्यासांत दिसलं. मुंटजॅक वाढली तिथे रो कमी झाल्याच्याही नोंदी आहेत.

आज ब्रिटनमध्ये मुंटजॅक रानात सोडणं गुन्हा आहे. पण ती आता इतकी पसरलीत, की पुन्हा कुंपणात घालणं कोणाच्या हातात राहिलेलं नाही.

१९४० मध्ये ड्यूक गेले. १९८५ मध्ये त्यांच्या पणतूने मिलू पुन्हा बीजिंगला पाठवली, तीही त्याच जुन्या शिकारखान्याच्या जागेवर.

दोन्ही हरणं एकाच हौसेपोटी वोबर्नला आली होती. मिलू कुंपणाच्या आत राहिलं, मुंटजॅक बाहेर पडलं. त्याची किंमत मात्र रो हरीण मोजतंय.