पेशीतील ‘गॉल्गी संकुला’चे जनक : कामिलो गॉल्गी

विद्यार्थी मित्रहो, विज्ञानाच्या पुस्तकात ‘गॉल्गी संकुल’ हा शब्द तुम्ही पाठ केला असेल. ते एका माणसाचे आडनाव आहे.

कामिलो गॉल्गी यांचा जन्म ७ जुलै १८४३ रोजी उत्तर इटलीतील कोर्तेनो या डोंगराळ खेड्यात झाला. वडील डॉक्टर. कामिलो १८६५ मध्ये पाव्हिया विद्यापीठातून वैद्यकीचे पदवीधर झाले. ओढ संशोधनाची, परंतु पैशाची चणचण. म्हणून १८७२ मध्ये त्यांनी आब्बियातेग्रास्सो येथे जुनाट रोग्यांच्या इस्पितळात नोकरी पत्करली. तेथे प्रयोगशाळा कसली! स्वयंपाकघरातच त्यांनी सूक्ष्मदर्शक मांडला. मेंदूचा तुकडा पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये मुरवून सिल्व्हर नायट्रेटमध्ये ठेवला, की मोजक्याच मज्जापेशी काळ्याभोर उमटतात, ही युक्ती त्यांना १८७३ मध्ये साधली.

१८९८ मध्ये, पाव्हियात प्राध्यापक असताना, घुबडाच्या मज्जापेशीत त्यांना एक बारीक जाळे दिसले. पण हे रंजन मोठे लहरी. कधी साधे, कधी फसे. जाळे खरे नाही, रसायनांचे डाग आहेत, असे अनेक शास्त्रज्ञ म्हणू लागले. १९०६ चे नोबेल पारितोषिक त्यांना काहाल यांच्यासमवेत मिळाले, ते मज्जासंस्थेच्या कामाबद्दल. त्यातही सर्व मज्जातंतू एकसंध जोडलेले आहेत हा त्यांचा हट्ट चुकीचाच ठरला. जाळ्याचा वाद मात्र २१ जानेवारी १९२६ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हाही मिटला नव्हता. १९५० नंतरच्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने तो मिटवला. एकावर एक रचलेल्या चपट्या पिशव्या स्पष्ट दिसल्या!

पालकहो, घरात कोणी मधुमेही असेल तर इन्सुलिन तुमच्या परिचयाचे आहे. स्वादुपिंडाच्या पेशीत ते आधी कच्च्या रूपात अंतर्द्रव्यजालिकेत तयार होते. तेथून इवल्या पिशव्यांतून गॉल्गी संकुलात येते, कणिकांत भरले जाते, त्या कणिकांत पक्के होते आणि मग रक्तात सोडले जाते. स्वादुपिंडातील पाचक प्रथिनांचा असाच प्रवास पॅलेड यांनी उलगडून दाखवला. १९७४ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

सगळीच प्रथिने बाहेर जात नाहीत. काही पाचक विकरे पेशीतच, लयकारिकेत, पोचवायची असतात. त्यांच्यावरील साखरेच्या रेणूला गॉल्गी संकुलात फॉस्फेटची खूण जोडली जाते. तोच त्यांचा पत्ता. क्वचित एखादे बालक ही खूण जोडणाऱ्या विकराविना जन्मते. मग विकरे पेशीबाहेर फेकली जातात, आत कचरा साठत राहतो, आणि अशी बहुतेक मुले बालपणीच दगावतात.