पंधरांचे दोनशे पंचवीस

पंडिता रमाबाई म्हटले की कलकत्त्याच्या पंडितांनी 1878 साली केलेला त्यांचा गौरव, 1889 साली मुंबईत उघडलेले शारदा सदन व केडगावचे मुक्ती मिशन आपणास आठवते. त्यांच्या प्रार्थनेकडे मात्र आपण क्वचितच नीट पाहतो.

1896 साली रमाबाई लोणावळ्याच्या ख्रिस्ती मेळाव्यास गेल्या. विश्वासात आलेल्या त्यांच्या पंधरा मुली बरोबर होत्या. एके पहाटे रानात एकांती जाऊन त्यांनी या पंधरांबद्दल देवाचे आभार मानले आणि एक विलक्षण मागणी केली: पंधरांस पंधरांनी गुणावे, पुढील मेळाव्यापर्यंत दोनशे पंचवीस आत्मे मिळावेत.

आपण असे मागतो काय? आपली मागणी बहुधा मोघम असते. तिचे उत्तर आले नाही तरी कोणास कळत नाही व आपला विश्वासही कसोटीस लागत नाही. रमाबाईंनी आकडा सांगितला, वर मुदतही घातली. शंका त्यांनाही आलीच, कारण सदनात तेवढ्या मुलीच नव्हत्या. तेव्हा यिर्मयाच्या 32व्या अध्यायातील 27वे वचन त्यांस आधार झाले. देवाच्या सामर्थ्याविषयीचा तो प्रश्न त्यांनी वहीत टिपून ठेवला. तेथील इब्री क्रियापद ज्या धातूचे आहे, त्याच धातूपासून ‘अद्भुत’ या अर्थाचा शब्द होतो; भाषांतर करताना ही छटा मराठीत उतरत नाही, याची मला नेहमी रुखरुख वाटते.

त्याच सुमारास मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाईंचे आईवडील 1874च्या सुमारास दुष्काळातच उपासमारीने गेले होते. ती भूक त्यांनी स्वतः सोसलेली होती. हाती पैसा नसता त्या तिकडे गेल्या व सुमारे तीनशे मुली आणि विधवा त्यांनी वाचवून आणल्या. प्लेगमुळे पुण्यात त्यांस ठेवता येईना, म्हणून केडगावच्या शेतावर बिऱ्हाड हलवावे लागले. पुढील मेळाव्यापर्यंत मागितलेली संख्या देवाने दिली, अशी रमाबाईंची साक्ष आहे. परंतु त्यासाठी कोणत्या वाटेने चालावे लागेल, हे त्या पहाटे त्यांस ठाऊक नव्हते.

1905 सालच्या जानेवारीत मुक्तीत संजीवनासाठी सुमारे सत्तर जणी रोज प्रार्थनेस जमू लागल्या. जूनपर्यंत त्या साडेपाचशे झाल्या व त्याच महिन्यात तेथे मोठे संजीवन झाले. तो इतिहास आपण ऐकलेला असेल.

अखेरची वर्षे पवित्र शास्त्राच्या सोप्या मराठी भाषांतरात गेली. मूळ इब्री व ग्रीक भाषा त्या उतारवयात शिकल्या. मुक्तीच्याच छापखान्यात तेथील स्त्रिया खिळे जुळवीत व रमाबाई मुद्रिते तपाशीत. जिच्या हाती सर्व कार्य सोपवावयाचे, ती एकुलती एक कन्या मनोरमा जुलै 1921मध्ये त्यांच्याआधी प्रभूकडे गेली. वाचक, देवाला काहीच कठीण नाही, असे मानणाऱ्या मातेचे हे दुःख आपण घाईने ओलांडू नये. रमाबाई पुन्हा मुद्रितांकडे वळल्या. ती तपासून झाली आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्यांनी देह ठेवला. छापील ग्रंथ त्यांनी पाहिला नाही. तो 1924 साली निघाला.