विज्ञानाचा बंधुभाव : चंद्रशेखर वेंकट रामन

१९३६ च्या मे महिन्यात महात्मा गांधी प्रकृतिस्वास्थ्यासाठी बंगळूरनजीकच्या नंदी टेकडीवर राहिले होते. तेथे चंद्रशेखर वेंकट रामन एका परदेशी जीवशास्त्रज्ञासह त्यांच्या भेटीस गेले. बोलण्याच्या ओघात धर्मांच्या ऐक्याचा विषय निघाला. आपल्याला नास्तिक समजले जात असले तरी तसे नाही, असे रामन यांनी स्पष्ट केले. ईश्वर असेल तर त्याचा शोध या विश्वातच घ्यावयास हवा, आणि खगोल व भौतिकी यांतील नवे शोध हे त्याचेच उत्तरोत्तर होणारे प्रकटीकरण होय, अशी त्यांची धारणा होती. मात्र माणसांना एकत्र आणण्याचे कार्य धर्मांच्या हातून होणार नाही; ते विज्ञानच करू शकेल, कारण सर्व वैज्ञानिक परस्परांचे बंधू असतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. यावर, जे वैज्ञानिक नाहीत त्यांचे काय, असा प्रश्न गांधीजींनी उपस्थित केला. वैज्ञानिक कोणालाही होता येते, असे उत्तर रामन यांनी दिले. तसे असेल तर इस्लामप्रमाणे विज्ञानालाही आपला कलमा जगापुढे मांडावा लागेल, अशी मार्मिक पुस्ती गांधीजींनी जोडली. हा संवाद त्याच महिन्यात ‘हरिजन’मध्ये प्रसिद्ध झाला.

रामन यांची ही श्रद्धा केवळ वादापुरती नव्हती. त्यांचा जन्म १८८८ साली तिरुचिरापल्ली येथे झाला. युक्लिडची भूमिती, हेल्महोल्ट्झचा ध्वनिविषयक ग्रंथ आणि एडविन आर्नल्डचे बुद्धचरित्रपर काव्य या तीन ग्रंथांचे ऋण ते आयुष्यभर मानीत. गणित, नाद आणि बुद्धाचा त्याग यांना एकाच मनात स्थान मिळाले होते. १९०७ पासून कलकत्त्यात अर्थखात्याची नोकरी सांभाळून उरलेला वेळ ते महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली स्थापिलेल्या विज्ञानसंस्थेतील प्रयोगांना देत. मृदंगाच्या नादात सुसंवादी स्वर कसे उमटतात, याचा त्यांनी अभ्यास केला. १९२१ च्या सागरप्रवासात भूमध्य समुद्राच्या निळाईने त्यांना विचारप्रवृत्त केले. ही निळाई आकाशाचे नुसते प्रतिबिंब नसून जलरेणूंनी केलेल्या प्रकाशविकिरणाचा परिणाम आहे, असे त्यांनी दाखविले. त्याच वाटेने पुढे २८ फेब्रुवारी १९२८ चा शोध लागला आणि १९३० चे नोबेल पारितोषिक लाभले. सृष्टीतील सौंदर्यापुढे नम्र होणे आणि त्याचे कारण शोधणे या दोन गोष्टी त्यांना परस्परविरोधी वाटल्या नाहीत.

तथापि, नंदी टेकडीवरील उत्तराची कसोटी त्यापूर्वीच लागून गेली होती. १९३३ साली रामन बंगळूरच्या टाटा विज्ञानसंस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर कमला भागवत यांनी तेथे प्रवेशासाठी अर्ज केला. त्यांचे वडील याच संस्थेत शिकले होते. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या भगिनी. केवळ स्त्री असल्यामुळे रामन यांनी त्यांना प्रवेश नाकारला. कमलाबाईंनी तो नकार मानला नाही. अखेर, पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता मिळणार नाही, अशा अटीवर त्यांना प्रवेश मिळाला. त्यांचे काम पाहून रामन यांचा ग्रह पालटला. कमलाबाईंनी १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट संपादन केली. १९४० मध्ये अ‍ॅना मणी तर रामन यांच्याच प्रयोगशाळेत दाखल झाल्या. प्रत्येकाला वैज्ञानिक होता येते हे तत्त्व रामन यांनी १९३६ साली उच्चारले खरे. पण त्यातील ‘प्रत्येक’ या शब्दाचा विस्तार किती, हे त्यांना एका विद्यार्थिनीकडून शिकावे लागले. गांधीजींच्या शंकेचे मर्मही हेच होते : बंधुत्वाची मर्यादा धर्माने आखली काय किंवा विज्ञानाने, बाहेर कोण राहिले हा प्रश्न उरतोच. फरक इतकाच की, विज्ञानात पुरावा समोर आल्यावर मत बदलणे हा पराभव ठरत नाही.

१९४८ साली रामन यांनी बंगळूर येथेच स्वतःची संशोधनसंस्था उभारली. आयुष्याच्या अखेरीस, रुग्णालयाऐवजी या संस्थेच्या बागेतील फुलांच्या सान्निध्यात देह ठेवावा, अशी त्यांची इच्छा होती. २१ नोव्हेंबर १९७० रोजी ते निवर्तले. त्यांच्या इच्छेप्रमाणे कोणताही धार्मिक विधी न करता संस्थेच्या आवारातच त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. त्या जागी स्मारक उभारण्यात आले नाही. एक झाड लावण्यात आले. जन्मभर मस्तकी पागोटे मिरविणाऱ्या या माणसाने परंपरेतील कर्मकांड तेवढे नाकारले. विश्वाविषयीचा आदरभाव मात्र अखेरपर्यंत जपला.