पुन्हा पहिलीच्या वर्गात

अक्कलकोट रोड एमआयडीसीतून सकाळी कॉलेजला निघालात की यंत्रमागांची खटखट बराच वेळ कानात राहते. तुमच्यापैकी कुणाचे वडील टॉवेलच्या कारखान्यात असतील, कुणाची आई चादरींच्या घड्या घालत असेल. आणि तुमच्या मोबाइलवर कुणीतरी लीडर कसं व्हायचं याचे सात नियम सांगत असेल. ते रील जरा थांबवा. आपल्याच गावातल्या एका माणसाकडे बघू. डॉ. द्वारकानाथ कोटणीस. नाव शाळेपासून पाठ आहे, आणि तीच अडचण आहे. पुतळ्याला हार घातला की माणसाबद्दल प्रश्न विचारायचं आपण सोडून देतो.

जन्म 10 ऑक्टोबर 1910, सोलापूर. तेव्हाचं सोलापूर गिरण्यांचं, भोंग्यावर उठणारं. मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले आणि पुढच्या शिक्षणाच्या तयारीला लागले. आज तुमचा एखादा मित्र पीजीच्या परीक्षेसाठी खोलीत कोंडून घेतो ना, साधारण त्याच टप्प्यावर. जपानने चीनवर हल्ला केला होता आणि चीनला डॉक्टर हवे होते. काँग्रेसने पाच जणांचं पथक ठरवलं : अटल, चोळकर, मुखर्जी, बसू आणि कोटणीस. प्रमुख डॉ. अटल, ते स्पेनच्या युद्धात काम करून आलेले. कोटणिसांनी युद्ध पाहिलंच नव्हतं. 1 सप्टेंबर 1938 ला मुंबईहून बोट सुटली तेव्हा त्यांना अठ्ठावीस पूर्ण व्हायला महिनाभर होता.

जाणं धाडसाचं होतंच. पण मला विचाराल तर त्यांची खरी गोष्ट तिथे पोचल्यावर सुरू होते.

हातात डिग्री आहे, शस्त्रक्रिया येते, आणि समोरचा जखमी कुठे दुखतंय ते सांगतोय तर एक शब्द कळत नाही. अशा वेळी दुभाष्यावर काम भागवता येतं. कोटणीस मात्र शिकायला बसले. चिनीला आपल्यासारखी बाराखडी नाही, एकेक चिन्ह डोक्यात बसवावं लागतं. डॉक्टर झालेला माणूस पुन्हा पहिलीच्या वर्गात! आपल्याला साधं इंग्लिशमध्ये चारचौघांत चुकायची लाज वाटते, प्रेझेंटेशनच्या आदल्या रात्री पोटात गोळा येतो. ते चुकत चुकत बोलायला लागले, वाचायला लागले आणि शेवटी वैद्यकीय विद्यार्थ्यांना चिनी भाषेतच शिकवू लागले. सेल्फ-इम्प्रूव्हमेंट या शब्दाला मी एरवी जरा वैतागतो, कारण त्यात सगळं ‘सेल्फ’च असतं. कोटणिसांचं शिकणं समोरच्या खाटेवरच्या माणसासाठी होतं, म्हणून कदाचित ते इतकं पक्कं झालं.

मधेच घरून वडील गेल्याची बातमी आली. ते परतले नाहीत. पथकातले बाकीचेही हळूहळू भारतात आले. बसू आणि कोटणीस राहिले, आणि वूथाई डोंगरांच्या आघाडीच्या भागात तर शेवटी एकटे कोटणीस. त्याच भागात कॅनडाचे सर्जन नॉर्मन बेथ्यून काम करत होते. शस्त्रक्रिया करताना बोट कापलं, जखम चिघळली आणि नोव्हेंबर 1939 मध्ये ते वारले. त्यांच्या नावाच्या इंटरनॅशनल पीस हॉस्पिटलचे प्रमुख म्हणून जानेवारी 1941 मध्ये कोटणिसांना नेमलं गेलं. वय तीस. आलेल्या पाच जणांत त्यांना कुणी पुढारी म्हणून पाठवलं नव्हतं, हे लक्षात ठेवा.

आता अवघड भाग. 1940 च्या एका लढाईत त्यांनी सलग 72 तास न झोपता शस्त्रक्रिया केल्या. आठशेहून जास्त जखमींवर उपचार केले. हे वाचून तुमच्यातल्या कुणाला चेव येईल, तीन रात्री जागून अभ्यास करायचा बेत ठरेल. थांबा. कोटणिसांना फिट्स येत होत्या. उपचारासाठी दुसरीकडे जा, असं त्यांना सांगितलं गेलं होतं. त्यांनी ऐकलं नाही. स्वतः डॉक्टर असून! इथे मला त्यांच्यापुढे हात जोडता येत नाहीत. रागच येतो थोडा. माणूस दुसऱ्याचं दुखणं इतकं बारकाईने बघतो आणि स्वतःचं सोडून देतो, हे काय आहे? त्याग, हट्ट, की आपल्यावाचून इथे अडेल ही भीती? डबल ड्युटी करून आलेल्या वडिलांना डॉक्टरकडे चला म्हणून बघा, तेही टाळतात. फरक एवढाच की त्यांच्यावर सिनेमा निघत नाही. कोटणिसांवर निघाला, 1946 मध्ये, व्ही. शांताराम यांचा.

1941 च्या अखेरीस त्यांनी क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं. त्या परिचर्या शिकवत. ऑगस्ट 1942 मध्ये मुलगा झाला. त्याचं नाव यिनह्वा : यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन.

भैय्या चौकात कोटणिसांचं स्मारक आहे. एखाद्या रविवारी एमआयडीसीतून गावात याल तेव्हा आत जा, बाहेरून सेल्फी काढून परतू नका. तिथे उभं राहून जरा हिशेब मांडा. 9 डिसेंबर 1942 ला फिट येऊन ते गेले तेव्हा वय बत्तीस, मुलगा साडेतीन महिन्यांचा. चिनी विद्यार्थ्यांसाठी ते शस्त्रक्रियेवर लिहीत होते. एक पुस्तक पूर्ण झालं होतं. दुसरं अर्ध्यावर होतं.