शेतातलं इंधन गाडीत घालू पाहणारा शेतकऱ्याचा पोरगा

पेट्रोल पंपावर दोन माणसं जमली की हल्ली इथेनॉलचा विषय निघतोच. एक म्हणतो, गाडीचं अॅव्हरेज पडलं. दुसरा म्हणतो, जुन्या मोटरसायकलचं रबर फुगलं. तिसरा ऊसवाला असतो, तो म्हणतो, बरं झालं, मळीला किंमत तरी आली. आपल्या देशात याची चाचणी २००१ साली सुरू झाली. त्यासाठी निवडलेल्या ठिकाणांत मिरज आणि मनमाड ही आपली दोन गावं होती. २००३ पासून काही राज्यांत पाच टक्के मिश्रण सुरू झालं आणि २०२५ मध्ये ते वीस टक्क्यांवर पोचलं.

पण पिकापासून काढलेल्या अल्कोहोलवर गाडी चालवायची, ही कल्पना काही आजची नाही. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत एका शेतकऱ्याच्या पोराने ती डोक्यात घेतली होती. त्या पोराचं नाव हेन्री फोर्ड. मोटारवाला म्हणून त्याला जग ओळखतं. तो शेतकरी होता हे फारसं कुणी सांगत नाही.

घोड्यामागे चालायचा कंटाळा

हेन्रीचा जन्म ३० जुलै १८६३ चा. अमेरिकेच्या मिशिगन राज्यात, डेट्रॉईट शहराजवळ आज डिअरबॉर्न म्हणतात त्या भागात, वडिलांची शेती होती. वडील विल्यम हे आयर्लंडहून आलेले. कष्टाळू माणूस, घरचं बरं चाललेलं. पण पोराचं मन शेतात रमेना. नांगरामागे, घोड्यामागे दिवसभर चालायचं आणि हातात थोडंच पडायचं, हे त्याला पटत नसे. घड्याळं उघडायची, दुरुस्त करायची, याचा मात्र भारी नाद.

१८७६ साली आई वारली. त्याच वर्षी वडिलांबरोबर गाडीतून जाताना रस्त्यावर एक वाफेचं इंजिन आपल्या ताकदीने चालत येताना दिसलं. पोरगा गाडीतून उडी मारून उतरला आणि इंजिनवाल्याला प्रश्न विचारत सुटला. घोड्याशिवाय चालणारी गाडी त्याने पहिल्यांदाच पाहिली होती. सोळाव्या वर्षी त्याने घर सोडलं आणि डेट्रॉईटच्या कारखान्यात उमेदवारी धरली.

पुढे काही वर्षं तो परत गावी आला. शेजारपाजारच्या शेतांवर वाफेचं इंजिन चालवून मळणीची कामं केली. १८८८ साली क्लारा ब्रायंटशी लग्न झालं. पोरगा शेतीवर टिकावा म्हणून वडिलांनी ८० एकर झाडीची जमीन दिली. त्याने तिथे लाकूड कापायची गिरणी चालवली आणि १८९१ मध्ये पुन्हा शहर गाठलं. एडिसनच्या नावाने चालणाऱ्या वीज कंपनीत नोकरी धरली.

स्वयंपाकघरातलं इंजिन

१८९३ च्या नाताळच्या आदल्या रात्रीची गोष्ट प्रसिद्ध आहे. फोर्ड यांनी घरी बनवलेलं छोटं इंजिन स्वयंपाकघरातल्या मोरीच्या कठड्यावर बसवलं. ठिणगीसाठी घरातली वीज घेतली. क्लाराबाईंनी हाताने थेंब थेंब पेट्रोल सोडलं. शेजारच्या खोलीत दीड महिन्याचं बाळ झोपलेलं. इंजिन खडखडत चालू झालं. आज आपण ज्याला कार्ब्युरेटर म्हणतो, ते काम त्या रात्री बायकोच्या हाताने केलं!

४ जून १८९६ च्या पहाटे पहिली चारचाकी तयार झाली. पण शेडचं दार अरुंद निघालं. फोर्ड यांनी कुऱ्हाड घेतली, भिंत फोडली आणि गाडी बाहेर काढली. १८९९ ची पहिली कंपनी बुडाली. १९०३ मध्ये फोर्ड मोटर कंपनी उभी राहिली आणि १ ऑक्टोबर १९०८ रोजी मॉडेल टी बाजारात आली.

दोन दांडे आणि एक सुई

ही गाडी शेतकऱ्याला डोळ्यांपुढे ठेवून केलेली होती. उंच, हलकी, चिखलातून निघणारी, गावच्या लोहाराला दुरुस्त करता येईल अशी. मागचं चाक उचलून पट्टा चढवला की कडबा कापायला, लाकूड चिरायला, पाणी ओढायला लोक तिचा उपयोग करीत.

आपल्या विषयाच्या दृष्टीने खरी गंमत तिच्या इंजिनात आहे. स्टिअरिंगखाली दोन दांडे असत. उजवीकडचा इंधनाचा, म्हणजे आपल्या भाषेत रेसचा, आणि डावीकडचा ठिणगीच्या टायमिंगचा. शिवाय कार्ब्युरेटरची सुई कमी-जास्त करायची किल्ली चालवणाऱ्याच्या हाताशी होती. इंजिन थंड असलं की सुई थोडी उघडायची, गरम झालं की परत आवळायची. आज जे काम मेस्त्री करतो किंवा गाडीतला कॉम्प्युटर करतो, ते तेव्हा शेतकरी स्वतः गाडी चालवताना करायचा. त्यामुळे ही गाडी पेट्रोलवर चाले, रॉकेलवरही ओढून नेता येई आणि अल्कोहोलवरही चालवता येई.

यामागचं शास्त्र सोपं आहे. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे पावणेपंधरा किलो हवा लागते. एक किलो अल्कोहोलला सुमारे नऊ किलो पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेत अल्कोहोल जास्त सोडावं लागतं. पेट्रोलसाठी लावलेल्या जेटवर नुसतं अल्कोहोल घातलं तर मिश्रण पातळ पडतं, इंजिन अडखळतं, तापतं. म्हणून सुई जास्त उघडायची. दुसरं म्हणजे अल्कोहोल इंजिनात ठोके देत नाही, त्यामुळे टायमिंग थोडं पुढे घेता येतं. तिसरं, थंडीत ते लवकर पेट घेत नाही. आणि चौथं, लिटरमागे त्यातली ताकद पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच असते.

एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. अल्कोहोलचा खरा फायदा दाब जास्त असलेल्या इंजिनात मिळतो. मॉडेल टी च्या इंजिनाचा दाब फारच कमी होता. म्हणजे ती अल्कोहोल चालवून घेई, पण त्याचं पुरतं चीज करीत नसे.

शेतातून टाकीत

१९०६ साली अमेरिकेच्या सरकारने कारखान्यांसाठी आणि इंधनासाठी लागणाऱ्या, पिण्यालायक नसलेल्या अल्कोहोलवरचा कर उठवला. फोर्ड यांना त्यात शेतकऱ्याचं भलं दिसलं. मका, बटाटा, शेतातला पाला यांपासून इंधन करावं, दारूच्या भट्ट्यांनी गाडीचं अल्कोहोल गाळावं, असं ते सांगत राहिले. स्वतः ते दारूला शिवत नसत. १९१७ मध्ये त्यांनी फोर्डसन ट्रॅक्टर काढला. तो पेट्रोलवर चालू करून रॉकेलवर घ्यायचा, आपल्याकडच्या विहिरीवरच्या रॉकेल इंजिनासारखाच.

पण गणित जमलं नाही. तेलाच्या नवनव्या विहिरी लागल्या, पेट्रोल स्वस्त झालं. १९२० पासून देशभर दारूबंदी आली आणि अल्कोहोल गाळणं म्हणजे कागदपत्रं आणि संशय. १९२१ च्या डिसेंबरात जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत ठोके थांबवणारं शिशाचं रसायन सापडलं. अल्कोहोलनेही ठोके थांबतात हे ठाऊक होतं, पण शिसं चिमूटभर पुरे. ते विषारी, तरी साऱ्या जगाने वापरलं. आपल्या देशात शिसंयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं.

पुढे मंदी आली, शेतमाल मातीमोल झाला. मे १९३५ मध्ये फोर्ड यांनी डिअरबॉर्नला शेतकरी, शास्त्रज्ञ आणि कारखानदार यांची परिषद भरवली. शेतमालापासून कारखान्याचा कच्चा माल करायचा, हा विषय. कॅन्सस राज्यात ॲचिसन गावी धान्यापासून गाडीचं अल्कोहोल करणारा कारखानाही उभा राहिला, पण स्वस्त पेट्रोलपुढे दोन-तीन वर्षांत तो बंद पडला. फोर्ड यांनी सोयाबीनवर पैसा ओतला. १९४१ मध्ये प्लॅस्टिकच्या पत्र्यांची मोटार करून लोकांना दाखवली. त्याच वर्षी त्यांनी गांधीजींना पत्र पाठवलं. गांधीजी तेव्हा वर्ध्याजवळ सेवाग्रामला राहत. उत्तरादाखल त्यांनी फोर्ड यांना चरखा पाठवला.

माणूस निर्दोष नव्हता. त्यांच्या वर्तमानपत्राने १९२० पासून ज्यू समाजाविरुद्ध विखारी लेख छापले, १९२७ मध्ये त्यांना माफी मागावी लागली. १९१४ मध्ये कामगारांना दिवसाला पाच डॉलर देणारा हाच मालक पुढे युनियनवाल्यांना मारहाण होऊ देणाराही ठरला. १९४१ पर्यंत त्यांनी युनियन मानली नाही.

७ एप्रिल १९४७ रोजी डिअरबॉर्नच्या घरी त्यांचं निधन झालं. नदीला पूर आला होता, घरची वीज गेली होती. लाखो इंजिनं जगाला देणारा माणूस मेणबत्तीच्या आणि तेलाच्या दिव्याच्या उजेडात गेला.

आपण काय घ्यायचं?

गाडीवाल्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. वीस टक्के मिश्रणात हिशेबाने सहा-सात टक्के ताकद कमी असते, त्यामुळे अॅव्हरेज थोडं घटणारच. नव्या इंजेक्शनच्या गाड्या मिश्रण आपोआप जुळवून घेतात. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला जेट आणि टायमिंग जाणत्या मेस्त्रीकडून तपासून घ्यावं, पाइप आणि रबरी वायसर पाहावेत. टाकीत पाणी जाऊ देऊ नये. अल्कोहोल पाणी ओढतं आणि मग पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसतं.

शेतकऱ्यांसाठी धडा वेगळा आहे. फोर्ड यांचं इंजिन अडलं नाही, अडलं ते दर आणि धोरणापाशी. आपल्याकडेही डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं आणली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ती उठवली. एका हंगामात किती कारखान्यांचे बेत कोलमडले ते आपण पाहिलं आहे. इंजिनाची सुई फिरवणं सोपं असतं. धोरणाची सुई कुणाच्या हातात आहे, तिकडे मात्र ऊसवाल्याने डोळा ठेवून राहिलं पाहिजे.