चक्रधर स्वामी निघून गेले, लिहिलेलं काहीच नव्हतं. तरी नागदेवाचार्यांनी महानुभाव पंथ टिकवला

मराठी भाषा विद्यापीठासाठी सरकारने पुणं-मुंबई सोडून अमरावती जिल्ह्यातलं ऋद्धपूर निवडलं, तेव्हा बऱ्याच जणांना प्रश्न पडला की हे गाव आहे तरी कुठलं?

मोर्शी तालुक्यातल्या याच गावात साडेसातशे वर्षांपूर्वी लीळाचरित्र लिहिलं गेलं. मराठीतला हा पहिला मोठा गद्यग्रंथ लिहिला म्हाइंभटांनी. पण तो लिहिला जाऊ शकला, त्यामागे होते नागदेवाचार्य, म्हणजेच भटोबास.

गोष्ट सुरू होते साधारण १२७४ मध्ये. महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधर स्वामी महाराष्ट्र सोडून उत्तरापंथाला निघून गेले. ते आजही तिकडेच आहेत, अशी पंथीयांची श्रद्धा. स्त्रियांना संन्यास देणारे आणि जातीपातीची शिवाशिव न पाळणारे स्वामी यादवांच्या दरबारातल्या बड्या मंडळींना खुपत होते. त्यांच्या छळामागे हेमाद्री पंडिताचा हात होता, असं पंथाची परंपरा सांगते.

आता पंचाईत अशी, की स्वामींनी स्वतः एक ओळही लिहून ठेवली नव्हती. जे काही होतं ते शिष्यांच्या आठवणीत. आणि शिष्य विखुरलेले.

जाताना स्वामींनी या मंडळींची जबाबदारी नागदेवांवर टाकली होती. विरहाने खचलेले नागदेव सगळ्यांना घेऊन वऱ्हाडात आले, ऋद्धपूरला. तिथे स्वामींचे गुरू गोविंदप्रभू राहत होते. हे गोविंदप्रभू म्हणजे अवलिया. कधी लहान मुलांसारखे खेळायचे, कधी अस्पृश्यांच्या वस्तीत जाऊन खायचे. एकदा त्यांनी लग्नाचाच हट्ट धरला, तेव्हा नागदेवांची चुलत बहीण महदाइसेने श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाची गाणी रचून म्हटली. हेच ते धवळे. म्हणून महदंबा मराठीतली आद्य कवयित्री.

नागदेवांनी इथे गोविंदप्रभूंची सेवा केली. १२८७ च्या सुमारास गोविंदप्रभू गेले, तोवर पंथाचं केंद्र ऋद्धपूरच होतं.

याच काळात म्हाइंभटांनी स्वामींच्या आठवणी लिहून काढायचं मनावर घेतलं. नागदेवांनी आपल्याजवळच्या लीळा सांगितल्या. मग म्हाइंभट गावोगाव फिरले आणि ज्याने स्वामींना पाहिलंय, त्याच्याकडून ऐकून आले. दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत, तर दोन्ही नोंदवल्या. तेराव्या शतकात हे करणं साधी गोष्ट नव्हती. साधारण १२७८ मध्ये ग्रंथ उभा राहिला.

गुरू गेल्यावर पंथाचं काय होतं, हा प्रश्न जगभर पडलेला आहे. अमेरिकेत १८४४ मध्ये मॉर्मन पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ जमावाकडून मारला गेला, तेव्हा ब्रिगहॅम यंग अनुयायांना घेऊन थेट सॉल्ट लेकच्या खोऱ्यात गेला. त्याने तिथे शहर वसवलं. नागदेवांनी शहर वसवलं नाही. त्यांचा संन्याशांचा पंथ, भिक्षा मागून फिरणारा. त्यांनी जपली ती भाषा.

पंथात केशोबासांसारखे संस्कृतचे गाढे पंडित होते आणि त्यांना संस्कृतातच लिहावंसं वाटत होतं. नागदेवांनी त्यांना अडवलं. स्वामींनी आपल्याला मराठीत सांगितलंय, संस्कृतात लिहिलं तर माझ्या म्हाताऱ्या बायाबापड्या नागवल्या जातील, असं त्यांचं म्हणणं. पंडितांनी ऐकलं. स्वामींच्या वचनांचा सूत्रपाठ पुढे केशोबासांनीच मराठीत लावला.

१३०२ च्या सुमारास नागदेव गेले. त्यांच्यानंतर काही वर्षांतच परचक्रात लीळाचरित्राची मूळ पोथी हरवली. शिष्यांनी पाठांतराच्या जोरावर ती पुन्हा लिहून काढली. पण पंथात फाटे फुटले, वेगवेगळे आम्नाय झाले.

आणि मग एक अजब गोष्ट घडली. ज्या ग्रंथांची भाषा म्हाताऱ्या बायांना कळावी म्हणून नागदेव पंडितांशी भांडले होते, तेच ग्रंथ चौदाव्या शतकात सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद झाले. पोथ्या मठांत पूजेत राहिल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ही लिपी उलगडली, तेव्हा कुठे पंथाबाहेरच्या मराठी माणसाला कळलं की आपल्या भाषेत ज्ञानेश्वरीच्याही आधी एवढं गद्य लिहिलं गेलं होतं.