किनारा मोजणारा शास्त्रज्ञ

रायगड जिल्ह्याचा किनारा नकाशावर पाहिला, तर तो फार दूरवर सरळ गेलेला दिसत नाही. धरमतर, रेवदंडा, राजपुरी या खाड्या जमिनीत खोलवर शिरल्या आहेत. खाड्यांना फाटे आहेत आणि फाट्यांना आणखी लहान फाटे आहेत. असा किनारा लांब पट्टीने मोजला, तर बारीक वळणे सुटतात व लांबी कमी भरते. पट्टी आखूड घेतली, तर तीच वळणे हिशेबात येतात व लांबी वाढते. मग किनाऱ्याची खरी लांबी कोणती? लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाने या प्रश्नाचा कसून शोध घेतला.

रिचर्डसन यांचा जन्म ११ ऑक्टोबर १८८१ रोजी न्यूकॅसल येथे झाला. त्यांचे घराणे क्वेकर पंथाचे होते. हा पंथ युद्ध निषिद्ध मानतो. केंब्रिज येथे शिक्षण झाल्यावर १९१३ मध्ये ते हवामानखात्यात दाखल झाले. अलिबागेस आहे तशीच पृथ्वीच्या चुंबकत्वाचे वेध घेणारी वेधशाळा स्कॉटलंडमधील एस्कडेलम्यूर येथे आहे. तिचे प्रमुखपद त्यांना मिळाले.

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले. रिचर्डसन यांनी शस्त्र धरण्यास नकार दिला. परंतु घरी बसणेही त्यांना रुचले नाही. १९१६ मध्ये नोकरी सोडून ते फ्रान्सच्या रणभूमीवर गेले आणि जखमी सैनिकांना वाहून नेणारी गाडी चालवू लागले. युद्धानंतर ते खात्यात परतले. तथापि १९२० मध्ये ते खाते लष्करी विमानदल सांभाळणाऱ्या मंत्रालयाकडे गेले, तेव्हा त्यांनी पुन्हा राजीनामा दिला. पुढे अध्यापन करून त्यांनी संसार चालविला.

राष्ट्रे युद्ध का करतात, हा विचार त्यांना स्वस्थ बसू देईना. ज्या देशांची सामाईक सीमा लांब, ते अधिक लढतात काय, हे पाहण्यासाठी त्यांनी सीमांच्या लांबीचे आकडे जमविले. तेव्हा एक नवल आढळले. स्पेन व पोर्तुगाल यांची सीमा एका ठिकाणी ९८७ किलोमीटर, तर दुसऱ्या ठिकाणी १२१४ किलोमीटर दिली होती. कोणीही ही लेखनिकाची चूक समजून सोडून दिली असती. रिचर्डसन यांनी हाती कर्कटक घेतले आणि नकाशांवरील सीमा व किनारे निरनिराळ्या अंतरांनी मोजले. अंतर जसजसे लहान करावे, तसतशी लांबी एका ठरावीक प्रमाणात वाढते, असे त्यांस दिसून आले.

हे संशोधन प्रसिद्ध होण्यापूर्वीच, ३० सप्टेंबर १९५३ रोजी, त्यांचे निधन झाले. ते १९६१ मध्ये छापले गेले. बेन्वा मांडेलब्रो या गणितज्ञाने ते वाचून १९६७ मध्ये त्यावर लेख लिहिला आणि १९७५ मध्ये अशा आकृत्यांना ‘फ्रॅक्टल’ हे नाव दिले. सरळ रेषेची मिती १ व सपाट पृष्ठाची मिती २ असते. ब्रिटनच्या पश्चिम किनाऱ्याची मिती सुमारे १.२५ भरते. किनारा जितका वाकडातिकडा, तितकी ही संख्या मोठी.

माणसाच्या मेंदूचे पृष्ठही असेच वळ्यावळ्यांचे आहे आणि त्यातील पेशींना झाडाप्रमाणे फांद्या फुटलेल्या असतात. शास्त्रज्ञ आता मेंदूची छायाचित्रे घेऊन त्याच रीतीने त्याची मिती काढतात. पृष्ठाच्या घड्यांमुळे ती २ व ३ यांच्या दरम्यान येते. स्मृती हिरावून नेणाऱ्या अल्झायमर रोगात ही संख्या निरोगी माणसापेक्षा कमी झाल्याचे काही अभ्यासांत आढळले आहे. केवळ तिच्यावरून रोगाचे निदान होत नाही. परंतु मेंदूत काय बदलते, हे जाणण्यास तिचे साहाय्य होते.

युद्ध टळावे म्हणून रिचर्डसन यांनी सीमा मोजल्या. युद्धे थांबली नाहीत. पण दोन न जुळणाऱ्या आकड्यांचा त्यांनी घेतलेला शोध आज रुग्णांच्या उपयोगी पडू लागला आहे.